एल्क आणि म्यूल डिअर, दोन्हींसाठी एकच रायफल: काडतूस कोणतं घ्यावं?

पळसपान

मंडळी, नमस्कार. मुक्काम कोलोराडो, डेन्व्हरजवळ. हंटर एज्युकेशनचं कार्ड मिळालं आहे, परवाना काढायचा आहे, आणि त्याआधी रायफल ठरवायची आहे. सावजं दोन, दोन्ही हरणांच्याच जातीची: म्यूल डिअर आणि त्याहून बरंच मोठं एल्क, त्यातही बहुधा मादी एल्क. रायफल एकच ठेवायची, बोल्ट ॲक्शन (दर फैरीनंतर हाताने खटका ओढून भरायची), दुर्बिणीसकट बजेट साधारण १,२०० डॉलर.

उंची ५ फूट २ इंच, वजन ५४ किलो. .३०८ काडतुसाचा धक्का सोसतो, पण वीसेक फैरींनंतर नेम ढासळायला लागतो. ३०० यार्डांपलीकडे मारायचंच नाही, हे पक्कं आहे.

एका दुकानात सांगतात, एल्क म्हटलं की .३०० विंचेस्टर मॅग्नमच. दुसरीकडे सांगतात, ६.५ क्रीडमोरने सगळं होतं. .२७०, .३०८, ७ एमएम-०८ आणि .३०-०६ ही नावंही येतात. एल्कला ६.५ खरंच कमी पडते का? बाकीच्या चारांत व्यवहारात फरक किती? आणि डब्यांवर बाँडेड, पार्टिशन, कॉपर असं जे लिहिलेलं असतं, त्यातलं काय उचलायचं?

आणखी एक. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नवरा एच-१बी वर आहे. त्याने रायफल हाताळली तर चालतं का?

कॅम्प_दहाहजार

ताई, काडतुसाआधी जनावर बघा. म्यूल डिअरचा (पुढे नुसतं हरीण म्हणतो) भरलेला नर ७० ते ११० किलोंचा, म्हणजे आपल्या चितळापेक्षा थोडा भारी. मादी एल्क सव्वादोनशे किलोंच्या आसपास, पूर्ण वाढलेला नर तीनशेच्या वर, म्हणजे सांबराच्या तोडीचा किंवा त्याहून मोठा. हरणाच्या बरगड्या पातळ असतात. आडवं उभं असेल तर गोळीला फुप्फुसातून पार व्हायला फूटभर अंतर पुरतं. एल्कचा फरा (खांदा) म्हणजे जाड हाड आणि त्यावर स्नायूंचा थर. तो थोडा तिरका उभा असेल तर गोळीला दीड-दोन फूट आत शिरावं लागतं. दोन्ही सावजांत खरा फरक हाच आहे. जे काडतूस आणि जी गोळी एल्कला पुरते ती हरणाला पुरतेच. उलट मात्र धरून चालू नका.

आता कायदा. कोलोराडोत सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठिणगी पडते अशी) रायफल किमान .२४ कॅलिबरची (म्हणजे .२४ इंच व्यासाची), नळी किमान १६ इंच, गोळी पसरणारी हवी. हरणासाठी गोळी किमान ७० ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं माप), एल्कसाठी ८५ ग्रेन, आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा. तुम्ही लिहिलेली सगळी काडतुसं यात आरामात बसतात. .२४३ विंचेस्टरसुद्धा बसते, पण कायद्यात बसणं म्हणजे एल्कसाठी योग्य असणं नव्हे. हरणाला ती उत्तम आहे, एल्कसाठी पहिली रायफल म्हणून घेऊ नये.

नळीच्या तोंडाशी वेग (फूट प्रतिसेकंद) आणि ऊर्जा (फूट-पाउंड), कारखान्याच्या नेहमीच्या भरणीत साधारण अशी असते:

६.५ क्रीडमोर, १४३ ग्रेन: २,७००, ऊर्जा २,३००
७ एमएम-०८, १४० ग्रेन: २,८००, ऊर्जा २,४५०
.३०८, १६५ ग्रेन: २,७००, ऊर्जा २,६५०
.२७०, १३० ग्रेन: ३,०६०, ऊर्जा २,७००
.३०-०६, १६५ ग्रेन: २,८००, ऊर्जा २,८५०
.३०० विंचेस्टर मॅग्नम, १८० ग्रेन: २,९६०, ऊर्जा ३,५००

दुर्बिणीसकट ८ पाउंडांच्या रायफलीत धक्का फूट-पाउंडांत मोजला तर ६.५ चा १२-१३, ७ एमएम-०८ चा १४ च्या आसपास, .२७० आणि .३०८ चा १७-१८, .३०-०६ चा २० च्या पुढे आणि .३०० मॅग्नमचा २६-२७. धक्का फक्त गोळीच्या वजनावर ठरत नाही. जळणारी दारूही नळीतून वेगाने बाहेर पडते आणि रायफलीला मागे ढकलते. ६.५ मध्ये दारू चाळीसएक ग्रेन असते, .३०० मॅग्नममध्ये सत्तरच्या वर.

वीसेक .३०८ नंतर तुमचा नेम ढासळतो, म्हणजे त्याच्या दीडपट धक्क्याची रायफल तुम्ही सरावाला नेणारच नाही. न सरावलेल्या मॅग्नमची गोळी पोटावर लागते आणि ३,५०० फूट-पाउंड आतड्यांत वाया जातात. ३०० यार्डांच्या मर्यादेत .३०० मॅग्नमचा जास्तीचा पल्ला तुमच्या उपयोगाचाही नाही. दुकानदाराला सांगा, धन्यवाद, नको.

माझं मत ७ एमएम-०८ ला. ती १९८० मध्ये रेमिंग्टनने बाजारात आणली. .३०८ चंच टोपण (काडतुसाची पितळी नळी) तोंडाशी आवळून केलेली आहे, त्यामुळे आखूड ॲक्शनमध्ये (काडतूस भरण्या-काढण्याच्या यंत्रणेत) बसते आणि रायफल हलकी-आटोपशीर राहते. धक्का ६.५ च्या जवळ, काम .३०८ च्या जवळ. उणीव एकच: डोंगरातल्या गावातल्या छोट्या दुकानात .३०८, .३०-०६ आणि .२७० हमखास मिळतात, ७ एमएम-०८ मिळेलच असं नाही. सीझनआधीच एकाच लॉटचे पाच-सहा डबे घेऊन ठेवा.

ग्रेनमोज

कॅम्प_दहाहजार यांच्याशी सहमत. फक्त गोळीच्या बनावटीवर जास्त बोलायला हवं, कारण एल्कच्या बाबतीत काडतुसापेक्षा जास्त फरक तिथे पडतो.

आधी सेक्शनल डेन्सिटी. गोळीचं वजन (पाउंडांत) भागिले व्यासाचा (इंचांत) वर्ग. त्याच बनावटीच्या, त्याच वेगाच्या दोन गोळ्यांत हा आकडा ज्या गोळीचा जास्त ती जास्त खोल जाते. ६.५ च्या १४० ग्रेनचा .२८७, ७ एमएमच्या १४० चा .२४८ आणि १६० चा .२८३, .३० च्या १६५ चा .२४८ आणि १८० चा .२७१, .२७० च्या १३० चा .२४२ आणि १५० चा .२७९. ६.५ ची गोळी बारीक असूनही खोल का जाते, ते यात दिसतं. पण गोळी आत पसरते, तुकडे झाले तर वजन घटतं, आणि मग डब्यावरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

बनावटीचे प्रकार असे.

साधी गोळी: शिसं आणि वर तांब्याचं पातळ आवरण, दोन्ही एकमेकांत फक्त दाबून बसवलेली. कोअर-लॉक्ट, इंटरलॉक ही त्यातली जुनी नावं. हरणाला अगदी पुरेशी आणि स्वस्त. एल्कच्या बरगड्यांतूनही नीट काम करते, पण जवळच्या अंतरावर फऱ्याच्या हाडावर बसली तर आवरण आणि शिसं सुटं होऊ शकतं.

लांब पल्ल्याची टोकदार गोळी, उदाहरणार्थ ईएलडी-एक्स: हवेत वेग चांगला टिकवते आणि कमी वेगालाही उघडते. त्याची किंमत जवळच्या अंतरावर मोजावी लागते. दाट झाडीत ५० यार्डांवर एल्कच्या फऱ्यावर लागली तर ती फार लवकर उघडते, वजन गमावते आणि छातीच्या पोकळीपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. ६.५ ने एल्क जखमी होऊन निसटला अशा तक्रारींत बरेचदा काडतुसाइतकाच दोष या निवडीचा असतो.

बाँडेड: शिसं आवरणाला चिकटवलेलं असतं. ॲक्युबाँड, फ्यूजन, सिरोको. उघडते, पण एकसंध राहते. एल्क आणि हरीण या जोडीसाठी सगळ्यात बिनघोर प्रकार. फ्यूजन तर किमतीलाही फार चढी नाही.

पार्टिशन: नॉसलरची १९४८ पासूनची गोळी. मध्ये तांब्याची आडवी भिंत, पुढे एक शिशाचा गाभा आणि मागे दुसरा. पुढचा भाग फुलतो, झिजतो, काही वेळा उडूनही जातो, मागचा भाग भिंतीमुळे तसाच पुढे घुसतो. दोन-तृतीयांश वजन टिकलं तरी खोली मिळते, ती याच रचनेमुळे.

निव्वळ तांब्याच्या गोळ्यांबद्दल तांबट येऊन सांगतीलच.

आता ६.५ कमी पडते का? १४३ ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर साधारण २,२८० च्या वेगाने पोहोचते, ऊर्जा १,६५० च्या आसपास. एल्कसाठी १,५०० फूट-पाउंड ही शिकाऱ्यांची जुनी अंगठेमापी मर्यादा. कायद्यात ती नाही आणि ऊर्जा हे मरणाचं मापही नाही, पण अंतर आखून घ्यायला उपयोगी पडते. म्हणजे तुमच्या ३०० यार्डांच्या आत, मादी एल्क, आडवी उभी, गोळी बाँडेड किंवा तांब्याची: ६.५ पुरते. गुंजाइश मात्र कमी राहते, हे खरं आहे.

रॉकीजचा_वाटाड्या

मी इथे थोडा वेगळा सूर लावतो. एल्क आडवा उभा राहील, हे सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. प्रत्यक्षात सार्वजनिक जमिनीवर, सीझनच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, हाकललेला कळप ॲस्पेनच्या झाडीतून चालताना थांबतो तो पाच-सात सेकंद, आणि तिरका. तिथे .३० ची १८० ग्रेन बाँडेड किंवा पार्टिशन असेल तर जवळचा फरा फोडून गोळी पुढे जाते. रक्त पडायला भोकही मोठं मिळतं. एल्कच्या दाट केसांत बारीक भोकातून रक्त बाहेर यायलाच वेळ लागतो, आणि बर्फ नसेल तर माग काढणं जिकिरीचं होतं.

.३०-०६ १९०६ सालची आहे आणि अजून प्रत्येक गावात मिळते, ते उगाच नाही. ११० पासून २२० ग्रेनपर्यंत गोळ्या मिळतात. कमी धक्क्याच्या भरणीही मिळतात. सराव त्यांवर करा, सीझनला १६५ किंवा १८० घाला. मात्र दोन्हींचा झिरो (ठरावीक अंतरावर दुर्बिणीची खूण आणि गोळी एकाच जागी येण्याची जुळणी) वेगळा येतो. सराव एका गोळीचा आणि झिरो तोच समजून शिकारीला दुसरी, ही चूक करू नका.

.३०८ आणि .३०-०६ मध्ये सारख्याच गोळीला साधारण १०० फूट प्रतिसेकंदांचा फरक. ३०० यार्डांवर .३०-०६ ची गोळी इंचभर कमी खाली येते, इतकंच. त्यामुळे .३०८ ला माझा विरोध नाही.

ग्रेनमोज

वाटाड्या, तिरक्या एल्कबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण नवख्या माणसाने समोरून तिरक्या उभ्या एल्कवर चापच ओढू नये, मग हातात .३०-०६ असो की ६.५. हाडाचा कोन जरा चुकला की गोळी एकाच फुप्फुसातून जाते. एका फुप्फुसावर एल्क मैलभर जाऊ शकतो. तोंड पलीकडे करून तिरका असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पलीकडच्या पुढच्या पायाचा नेम धरून बरगड्यांच्या मागून आत जायचं. अशा मारात ७ एमएम-०८ ची १४० ग्रेन बाँडेड पलीकडच्या फऱ्यापर्यंत पोहोचते.

५४ किलोंच्या बांध्याला २० फूट-पाउंडांचा धक्का शंभर वेळा घ्यायला लावून आपण त्यांना दचकायला शिकवू. एकदा ती खोड लागली की सोडवायला महिने जातात.

तांबट

बोलावलंत, आलो.

तांब्याची गोळी (टीटीएसएक्स, सीएक्स, ई-टिप वगैरे) पाकळ्यांसारखी उघडते आणि वजन ९५ टक्क्यांवर टिकवते. म्हणून तिच्यात वजन एक पायरी खाली घ्यायचं. .३०८ मध्ये शिशाची १६५ घेणार असाल तर तांब्याची १५०. ७ एमएम-०८ मध्ये १२० किंवा १४०. ६.५ क्रीडमोरमध्ये १२० किंवा १२७. कारण असं: तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळी स्थिर फिरायला नळीच्या आतल्या खाचांचा पीळ जास्त घट्ट लागतो, शिवाय ती टोपणात खोल बसून दारूची जागा खाते. हलकी घेतली की वेग वाढतो, आणि तांब्याला उघडायला वेगच लागतो. निर्माते बहुधा १,८०० फूट प्रतिसेकंदाच्या आसपासची किमान मर्यादा देतात. व्यवहारात २,००० च्या खाली जाऊ देऊ नका. त्याखाली पाकळ्या अर्धवट उघडतात आणि पेन्सिलीएवढं भोक पाडून गोळी निघून जाते. तुमच्या ३०० यार्डांत वरच्या कोणत्याही निवडीला ही अडचण नाही.

काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. शिशाच्या गोळ्या झाडलेल्या नळीत थेट तांब्याच्या झाडल्या तर पहिले काही गट (एकाच ठिपक्यावर झाडलेल्या फैरींच्या भोकांचे पुंजके) विस्कटलेले येतात. नळी तांबं काढणाऱ्या द्रावणाने नीट साफ करा, मग आठ-दहा फैरी झाडून मगच गट बघा. दोन वेगळ्या ब्रँड घेऊन जा. तांब्याची गोळी एखाद्या नळीला आवडतच नाही, असं होतं.

गोळी आरपार जाते, हा गुण कळपात दोष ठरतो. मादीच्या मागे दुसरी मादी किंवा वासरू असेल तर एका परवान्यावर दोन जनावरं पडतात. मागे फक्त उतार किंवा माती दिसेपर्यंत थांबा.

मांस घरी खायचं असेल, मुलं खाणार असतील, तर मी तांब्यालाच मत देईन. शिशाचे बारीक कण जखमेच्या वाटेपासून कित्येक इंच दूर पसरतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. रानात टाकलेली आतडी गिधाडं-गरुड खातात, त्यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने तर १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीला शिसं बंद केलं. कोलोराडोत बंदी नाही, पण निवड आपल्या हातात आहे. शिशाचीच वापरली तर जखमेभोवतीचं रक्ताळलेलं मांस सढळ हाताने कापून टाका.

कागदपत्र

नवऱ्याच्या प्रश्नावर. अमेरिकेच्या संघीय कायद्यात बिगर-स्थलांतरित व्हिसावर (एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सगळे त्यातच) आलेल्याला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही. या मनाईला एक अपवाद असा की त्या व्यक्तीकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना हवा. मुदत संपली की अपवादही संपला, आणि घरात रायफल आहे हीच अडचण होऊ शकते. म्हणून रायफल तुमच्या नावावर, तुमच्या कुलूपबंद कपाटात, किल्ली तुमच्याकडे. त्यांना रेंजवर हात लावायचा असेल तर आधी परवाना काढू द्या. परवान्याला हंटर एज्युकेशनचं कार्ड त्यांनाही लागेल. कोलोराडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते लागतंच. इमिग्रेशनचा मामला आहे, तेव्हा वकिलाला एकदा विचारून घ्या. इथल्या उत्तरावर विसंबू नका.

खरेदीला जाताना: ऑक्टोबर २०२३ पासून कोलोराडोत रायफल ताब्यात मिळायला तीन दिवसांची वाट पाहावी लागते. सीझनच्या आदल्या दिवशी दुकानात पोहोचून चालणार नाही.

पळसपान

सगळ्यांचे मनापासून आभार. ७ एमएम-०८ कडे कल झाला आहे, गोळी १४० ग्रेन बाँडेड किंवा १२० ची तांब्याची. आता रायफलीबद्दल: धक्का कमी करायचा तर मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवायचा, वायू बाजूला फेकणारा तुकडा) लावावा का? हलकी डोंगरी रायफल घ्यावी का? आणि झिरो कितीवर ठेवू?

कॅम्प_दहाहजार

मझल ब्रेक नको. धक्का कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. शिकारीत कानात बोळे नसतील तर एका फैरीत कान कायमचे दुखावतात. ७ एमएम-०८ ला त्याची गरजच नाही.

फार हलकी रायफलही नको. साडेपाच पाउंडांची रिकामी रायफल चढणीवर छान वाटते, पण धाप लागलेली असताना तिचं टोक हलतच राहतं आणि धक्काही वाढतो. दुर्बीण, पट्टा, काडतुसं धरून साडेसात ते आठ पाउंड तुम्हाला ठीक. नळी २० किंवा २२ इंच.

ब्रेकपेक्षा महत्त्वाचं म्हणजे दस्त्याची लांबी. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर नेहमीच्या रायफलींत साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. ५ फूट २ इंच उंचीला ते जास्त होतं. मग खांद्याच्या खळग्याऐवजी दस्ता दंडावर टेकतो, डोकं मागे झुकतं, आणि तोच .३०८ चा धक्का दुप्पट लागतो. साडेबारा इंचांच्या आसपासची, काँपॅक्ट म्हणून विकली जाणारी किंवा दस्त्यातले मधले पत्रे काढून लांबी कमी करता येणारी रायफल बघा. जाड जाकीट घालून खांद्याला लावून बघा. नोव्हेंबरात तेच अंगावर असणार. तुमचा नेम .३०८ वर ढासळतो त्याचं अर्धं कारण त्या रायफलीचा लांब दस्ता असावा, अशी मला दाट शंका आहे.

दुर्बीण ३-९×४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४० मिमी) किंवा २-१० च्या घरातली पुरे. डोळा आणि काच यांत किमान साडेतीन इंच अंतर मिळायला हवं, नाहीतर चढावर झोपून मारताना तिची कड भुवईवर बसते. पैसे दुर्बिणीवर वाचवू नका, रायफलीवर वाचवा. रिंगांचे स्क्रू निर्मात्याने दिलेल्या टॉर्कनेच आवळा, बहुतेकांत ते १५ ते १८ इंच-पाउंड असतं. झिरो सरकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण ढिला स्क्रू. दुसरं कारण, हाताने करकचून आवळलेला स्क्रू, ज्याने दुर्बिणीची नळी चेपते.

झिरो २०० यार्डांवर. सुरुवात २५ वरून करा. तिथे गोळी ठिपक्याच्या पाव इंच खाली लागली की २०० च्या झिरोजवळ आलात. नेहमीच्या पाव-मिनिटाच्या (मिनिट हे इथे कोनाचं माप) दुर्बिणीत एक टिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच, २०० वर अर्धा इंच, २५ वर इंचाचा सोळावा हिस्सा. त्यामुळे २५ वर टिका भरपूर फिरवाव्या लागतात, घाबरू नका. मग १०० वर तीन-तीन फैरींचे गट, मध्यबिंदू पावणेदोन इंच वर. शेवटी २०० वर प्रत्यक्ष झाडून खात्री. नुसत्या हिशेबावर सोडू नका. ३०० वर गोळी साधारण ८ इंच खाली येईल. म्हणजे तिथे पाठीच्या रेषेच्या जरा खाली नेम धरला की गोळी छातीच्या मध्यात. ताशी १० मैल आडवा वारा असेल तर ३०० वर गोळी सहा-सात इंच सरकते. एल्कच्या छातीत ते माफ होतं, हरणाच्या छातीत नाही.

कॅम्पवर पोहोचल्यावर पुन्हा दोन फैरी झाडून बघा. दहा हजार फुटांवर हवा विरळ, म्हणून गोळी किंचित वर लागते. ३०० यार्डांत हा फरक किरकोळ, पण खडबडीत रस्त्यावरच्या हादऱ्यांनी सरकलेली दुर्बीण किरकोळ नसते. थंड, तेल पुसलेल्या नळीतली पहिली गोळी कुठे बसते तेच लिहून ठेवा. शिकारीत तीच मोजली जाते.

रॉकीजचा_वाटाड्या

७ एमएम-०८ वर माझी हरकत नाही. सरावाबद्दल तेवढं जोडतो.

बेंचवरून (रेंजच्या टेबलावर रायफल टेकवून) इंचाचे गट पाडून उपयोग नाही. ८ इंचांची कागदी थाळी लावा. बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या टेकूवर, पन्नास पावलं पळून आल्यावर पाच फैरी झाडा. पाचही थाळीत बसल्या ते अंतर तुमचं. चार बसल्या तर तुमचं नाही. बहुतेकांचं हे अंतर सुरुवातीला १५०-२०० भरतं, आणि त्या आकड्याला मान द्यायचा. हरणाची मर्मजागा ८-१० इंचांची, एल्कची १४-१६ इंचांची. थाळी हरणाच्या मापाची आहे, ते मुद्दाम.

एका दिवशी मोठ्या काडतुसाच्या १५-२० फैरींपेक्षा जास्त नको. उरलेला सराव .२२ वर आणि घरी, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, नकली काडतुसावर चाप ओढून. रेंजवर जोडीदाराने मॅगझिनमध्ये खऱ्यांत एखादं नकली घालून द्यावं. नकली आल्यावर नळीचं टोक खाली गेलं की दचकणं तिथेच दिसतं.

बेंचवर एकावेळी एकाच जातीची काडतुसं. नळीवर कोरलेलं नाव आणि टोपणाच्या बुडावरचं नाव जुळवूनच भरा. ७ एमएम-०८ आणि .३०८ दोन्ही हाताला सारखीच लागतात, आणि ७ एमएम-०८ तर .२७० च्या रायफलीतही शिरते. चुकीच्या काडतुसाने रायफल फुटते आणि डोळे-हात जातात.

चढ-उतारावर लेझरने दाखवलेलं तिरपं अंतर नाही, आडवं अंतर धरायचं. ३० अंशांच्या उतारावर ३०० यार्ड म्हणजे गोळीच्या पडण्याच्या हिशेबाने २६०. बऱ्याच रेंजफाइंडरांत हा हिशेब आतच असतो, सेटिंग चालू आहे का बघा.

ग्रेनमोज

फैर झाडल्यानंतरचंही सांगून ठेवतो, कारण एल्क बहुतेक वेळा लागल्याचं दाखवतच नाही. उभा राहतो, दोन पावलं चालतो. लगेच दुसरं काडतूस आत आणि मर्मजागा दिसत असेल तर पुन्हा मारा. खाली पडेपर्यंत मारायचं. एका फैरीत पडावा हा हट्ट धरू नका. तो शेवटचा दिसला त्या झाडाची आणि तुम्ही झाडलीत त्या जागेची खूण धरा, मग हला.

नेम: पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जायचं, छातीच्या खालच्या एक-तृतीयांशावर. वर मारायचा मोह होतो, पण तिथे कण्याची मणक्यांवरची हाडं असतात. त्यांना धक्का लागला तर एल्क धाडकन कोसळतो आणि अर्ध्या मिनिटात उठून निघून जातो.

रक्त फेसाळ, लालबुंद: फुप्फुस. अर्धा तास थांबा, मग जा. गडद, काळपट: यकृत, तीन-चार तास. हिरवट-तपकिरी घाण आणि वास: पोट किंवा आतडी, सहा-आठ तास. घाईत उठवलेला पोटावरचा एल्क दोन दऱ्या ओलांडतो.

सापडल्यावर परवान्याचा टॅग आधी, सुरी मग. एल्कची कातडी आणि केस जाड, मांस थंड होतच नाही. थंडीतही मागच्या मांडीच्या सांध्याजवळ हाडाला लागून आधी सडतं. कातडी लगेच काढा, चारही पाय सुटे करा, जाळीदार कापडी पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल असे टांगा. मादीचा परवाना असेल तर मादी असल्याची निशाणी एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेली राहू द्या. कोलोराडोत ते सक्तीचं आहे, रस्त्यावर अधिकारी तपासतात. एका मादी एल्कच्या चार पायांना आणि पाठीच्या मांसाला पाठीवरून तीन-चार फेऱ्या लागतात. म्हणून फैर झाडण्याआधी गाडीपासूनचं अंतर आणि उजेड दोन्ही बघा.